भाकरीला आमिष म्हणणारे कायदे आणि आपण

नाताळ जवळ आला की काही संदेश हमखास फिरू लागतात. मिशनरी तांदळाची गोणी देतात, फुकट औषध देतात, पोरांची फी भरतात आणि गरिबाचा धर्म विकत घेतात, असा त्यांचा मजकूर असतो. हे संदेश कोण तयार करते ते आपल्याला ठाऊक आहे. पण अलीकडे तेच संदेश आपल्या ग्रुपवर, म्हणजे ज्यांच्या डीपीला बाबासाहेब आणि निळा झेंडा आहे अशा ग्रुपवरही दिसू लागले आहेत. खाली ‘बरोबर आहे’ असा अंगठा देणारे आपलेच तरुण असतात. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहिणे आम्हाला गरजेचे वाटले. आम्ही वस्तीत काम करणारी माणसे आहोत. ख्रिस्ती संस्थांशी आमचा संबंध येतो, कधी सहकार्याचा तर कधी भांडणाचा. त्यांची वकिली करण्याचे आम्हाला कारण नाही. मात्र त्यांच्यावर उगारलेली काठी कोणाच्या पाठीपर्यंत पोचते, हे पाहणे आपले काम आहे.

आधी कायदा पाहू. उत्तर प्रदेशाने २०२१ साली धर्मांतरविरोधी कायदा केला. त्यात ‘आमिष’ या शब्दाची व्याख्या आहे. भेटवस्तू, रोख किंवा वस्तुरूपातला लाभ, नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेत मोफत शिक्षण आणि अधिक चांगले राहणीमान, हे सगळे त्या व्याख्येत बसते. धर्म बदलण्यापूर्वी ६० दिवस जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे. धर्मांतर गैरमार्गाने झालेले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते घडवून आणणाऱ्यावर. अल्पवयीन मूल, स्त्री आणि अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती या तिघांना एका रांगेत बसवून त्यांच्या बाबतीत शिक्षा वाढवलेली. २०२४ च्या दुरुस्तीने ती काही प्रकरणांत जन्मठेपेपर्यंत नेली आणि तक्रार करण्याचा अधिकार कोणालाही देऊन टाकला. आणि आधीच्या धर्मात परत जाणे मात्र या कायद्याप्रमाणे धर्मांतर ठरत नाही. दार एकाच बाजूने उघडते.

आता ही व्याख्या हातात घेऊन १४ ऑक्टोबर १९५६ कडे पाहा. दीक्षाभूमीवर जमलेल्या लाखो लोकांना बाबासाहेबांनी पैसा दिला नाही, नोकरी दिली नाही. पण अधिक चांगले जीवन? ते तर उघड उघड सांगितले होते. ३१ मे १९३६ च्या दादरच्या भाषणात, ‘मुक्ती कोन पथे?’ मध्ये, त्यांनी धर्मांतराचा विचार ऐहिक आणि आध्यात्मिक अशा दोन्ही अंगांनी मांडला. अस्पृश्यांकडे मनुष्यबळ नाही, द्रव्यबळ नाही, मानसिक बळ नाही, आणि हे बळ बाहेरून मिळवल्याशिवाय सुटका नाही, हा त्या भाषणाचा कणा आहे. त्या काळीही विरोधकांचा आक्षेप हाच होता, की हे धर्मांतर श्रद्धेचे नाही, फायद्याचे आहे. बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिलेल्या ‘अवे फ्रॉम द हिंदूज’ या निबंधात त्याला उत्तर दिले आहे. इतिहासात राजांनी आणि अख्ख्या समाजांनी कोणकोणत्या कारणांनी धर्म बदलले ते त्यांनी दाखवले आणि विचारले, की शुद्ध आध्यात्मिक हेतूची अट फक्त अस्पृश्यालाच का? आपल्या तरुणांनी तो निबंध एकदा वाचावा. ‘तांदळासाठी धर्म बदलला’ हा टोमणा ज्या विचारातून येतो, त्या विचाराला दिलेले ते उत्तर आहे. गरिबाला स्वतःचे हित कळत नाही, तो गोणीभर धान्याला भुलतो, हे गृहीतक एकदा मान्य केले की ते आपल्यालाही लागू होते.

आणि भुकेल्याला आधी जेवू घालून मग धर्म सांगणे हा गुन्हा असेल, तर धम्मपदाच्या अट्ठकथेतली आळवी गावची कथा काय म्हणायची? एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवतो. तो शोधत शोधत, उपाशीपोटी, उशिरा तथागतांच्या सभेत पोचतो. तथागत तोवर गप्प बसून राहतात. तो आल्यावर आधी त्याला जेवू घालायला सांगतात, आणि त्याचे जेवण झाल्यावरच देशना सुरू करतात. भिक्खूंमध्ये कुजबुज होते. भुकेने कळवळणाऱ्याला धम्म समजणार नाही, असे कारण तथागत त्यांना सांगतात. लखनौच्या एखाद्या ठाणेदाराला ही घटना सांगितली तर तो ‘वस्तुरूप लाभ’ या शब्दांवर बोट ठेवील.

हा उत्तरेतला प्रश्न आहे, आपला नाही, असे कोणी म्हणत असेल तर शेजारचा गुजरात पाहावा. एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढले, की हिंदू धर्मातून बौद्ध, जैन किंवा शीख धर्मात जायचे असेल तर २००३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल. बौद्ध धम्म वेगळा आहे हे शासनाने लेखी मान्य केले म्हणून तिथल्या काही बौद्ध मंडळींनी त्याचे स्वागतही केले, आणि त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण वेगळेपण मान्य करताना दीक्षेची किल्ली कलेक्टर कचेरीत ठेवली गेली, हेही खरे. चर्चसाठी म्हणून सांगितलेला कायदा विहारापर्यंत यायला फार वेळ लागला नाही.

नगरचा दुष्काळ

आता मदतीच्या प्रत्यक्ष कामाकडे येऊ. महाराष्ट्रात याचा सगळ्यात मोठा इतिहास नगर जिल्ह्याचा. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत सुरू झाले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पोचले. तिथली सिंथिया फरार यांची मुलींची शाळा जोतिबा फुल्यांनी पाहिली होती, आणि सावित्रीबाईंच्या शिक्षिका होण्याच्या प्रशिक्षणाचा धागाही तिथेच जातो. जोतिबा स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. फुले दांपत्य ख्रिस्ती झाले नाही. मिशनच्या शाळेतून त्यांनी जे घ्यायचे ते घेतले आणि स्वतःची वाट काढली. ‘मिशनच्या शाळेत गेला की धर्म गेला’ म्हणणाऱ्यांना आपल्या चळवळीचा आरंभच उत्तर देतो.

पुढे १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे तीन मोठे दुष्काळ आले. नगर भागातल्या महार आणि मांग वाड्यांतून लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले ते याच काळाच्या आसपास. ‘राईस ख्रिश्चन’ ही शिवी या लोकांना चिकटवली गेली. पण महारवाड्याच्या नजरेतून दुष्काळ म्हणजे काय होता याचा विचार करा. आपल्या पूर्वजांचे पोट बलुत्यावर होते. पीक बुडाले की बलुते बुडाले. जमीन नावापुरती, त्यामुळे सावकार दारात उभा करीत नाही. गावाकडून हक्काचे जे मिळायचे तेच बंद झाले, आणि ज्या गावाची पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली ते गाव आधी स्वतःच्या कणग्या सांभाळू लागले. अशा वेळी एक परका माणूस वाड्यात येतो, पोराला दूध देतो, आजाऱ्याच्या अंगाला हात लावतो. हात लावतो, हे अधोरेखित करायला हवे. धान्य सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडूनही मिळत होते. पण शिवून घेणारा माणूस दुसरीकडे मिळत नव्हता. समाजशास्त्रात याला काय म्हणतात ते बाजूला ठेवू. आपल्या आज्या-पणज्यांना ते न शिकता कळत होते.

पंडिता रमाबाईंची गोष्टही याच दुष्काळाची. त्यांनी १८८९ साली मुंबईत सुरू केलेले आणि नंतर पुण्याला आणलेले शारदा सदन १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून गाजले. पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले. तीनच वर्षांनी दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या, विकल्या जाणाऱ्या मुलींना घेऊन आल्या. १९०० साली गुजरातेतून आणखी आणल्या. केडगावच्या मुक्ती सदनात तेव्हा दोन हजारांच्या घरात मुली-बायका होत्या. शिवण, विणकाम, शेती, छापखाना असे पोट भरण्याचे शिक्षण त्यांना दिले जाई. रमाबाईंचा ख्रिस्तावरचा भर आम्हाला पटत नाही, आणि सदनातल्या कडक धार्मिक वातावरणाबद्दल बरेच बोलता येईल. पण १८९३ मध्ये धर्म बुडाला म्हणून ओरडणाऱ्या मंडळींपैकी कितीजण १८९७ मध्ये मध्य प्रांताच्या गाडीत बसले, हा प्रश्न उरतोच.

दुष्काळ गेले, पण काम टिकले. मिरजेला डॉ. वानलेस यांनी सुरू केलेले इस्पितळ, परतवाड्याजवळच्या कोठारा येथील कुष्ठरोग्यांचे इस्पितळ, नगरचे साल्व्हेशन आर्मीचे बूथ हॉस्पिटल. कोविडच्या पहिल्या लाटेत अनेक खासगी दवाखान्यांनी शटर ओढले, तेव्हा बूथ हॉस्पिटल कोविड रुग्णांसाठी उघडे होते, हे नगरच्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही.

आता आकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या साधारण १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. तिच्यात वसईचे आणि मुंबईचे पोर्तुगीज काळापासूनचे कॅथलिकही आले. त्याच जनगणनेत बौद्ध ६५ लाख. दोनशे वर्षे शाळा, दवाखाने, दुष्काळी मदत देऊन ख्रिस्ती एक टक्का. १९५६ साली हातात काहीही न देता, उलट असलेल्या सवलती जाण्याचा धोका पत्करायला लावून, बौद्ध त्याच्या सहा पट. तांदळाच्या गोणीने धर्म विकत घेता येत असता तर हे आकडे उलटे असते. ‘एवढे काम करूनही भारतात ख्रिस्ती इतके थोडे का?’ हा प्रश्न खुद्द बाबासाहेबांनी त्यांच्या एका इंग्रजी निबंधात विचारला आहे.

बाबासाहेबांची टीका

म्हणजे सगळे गोड होते असे नाही. बाबासाहेबांनी मिशनऱ्यांच्या शिक्षणाच्या आणि वैद्यकीय कामाची नोंद मोकळेपणाने घेतली. त्याच लेखणीने त्यांनी विचारले, की धर्मांतरित अस्पृश्याची स्थिती बदलली का? चर्चमध्ये जात शिल्लक राहिली, बसायच्या जागा वेगळ्या राहिल्या, काही ठिकाणी दफनभूमीसुद्धा. मिशनऱ्यांनी माणसाला बाप्तिस्मा दिला, पण त्याच्यावरच्या अन्यायाविरुद्ध लढणे हे आपले काम मानले नाही. १९३८ च्या सुरुवातीला सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी राजकारणाबाबतच्या त्यांच्या उदासीनतेवर बोट ठेवले होते. दान घेणारा समाज हक्क मागायला विसरतो, ही त्यांची खरी चिंता होती, आणि ती आजही खोटी नाही. मोठ्या ख्रिस्ती संस्थांच्या माहितीपत्रकावर गरिबाचे डोळे पाणावलेले फोटो असतात. त्या गरिबाची जात कुठेच लिहिलेली नसते.

आमची आणखी एक तक्रार आहे. वस्त्यांमध्ये हल्ली भरणाऱ्या चंगाई सभा. प्रार्थनेने आजार बरा होतो असे सांगून क्षयरोगाच्या गोळ्या बंद करायला लावणे हे सेवाकार्य नव्हे, तो त्या रुग्णाचा आणि त्याच्या घरच्यांचा घात आहे. आम्ही अशा घरांत गेलो आहोत, आणि तिथे गप्प बसलेलो नाही. पण त्यासाठी महाराष्ट्राकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो बुवा, बाबा, मौलवी, पास्टर सगळ्यांना सारखा लागू होतो, आणि फसवणूक या कृतीवर बोट ठेवतो. फसवणुकीला शिक्षा देण्यासाठी भाकरीला आमिष ठरवायची गरज पडत नाही.

पैशाची नळी

धर्मांतरविरोधी कायद्यांपेक्षा शांतपणे काम करणारे दुसरे हत्यार म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, एफसीआरए. २०१७ मध्ये कम्पॅशन इंटरनॅशनल या संस्थेला भारतातले काम थांबवावे लागले. तिच्या मदतीवर सुमारे १ लाख ४५ हजार मुले होती. २५ डिसेंबर २०२१ ला, ऐन नाताळात, मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीला नूतनीकरण नाकारले गेले. देशभर ओरड झाली आणि दोन आठवड्यांत ते परत मिळाले. २०२४ च्या जानेवारीत वर्ल्ड व्हिजन इंडियाची नोंदणी रद्द झाली, एप्रिलमध्ये कासा आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या समाजसेवा मंडळासह पाच संस्थांची. मदर तेरेसांच्या नावाला जगभर वजन आहे, म्हणून तो निर्णय फिरला. तालुक्याच्या गावी चाळीस मुलांचे वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेसाठी कोण ओरडणार?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १ जानेवारी २०२२ ला जवळपास सहा हजार संस्थांची नोंदणी संपली, त्यातल्या बहुतेकांनी नूतनीकरणाचा अर्जच केला नव्हता, आणि त्या सगळ्या ख्रिस्तीही नव्हत्या. हिशेब न देणाऱ्या, कागदावरच मुले शिकवणाऱ्या संस्था आम्ही पाहिल्या आहेत. लेखापरीक्षण कडक असावे याला आमचा विरोध नाही. प्रश्न २०२० च्या दुरुस्तीचा आहे. तिने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, दिल्लीच्या स्टेट बँकेतच खाते सक्तीचे केले, आणि एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास पूर्ण बंदी घातली. यातली शेवटची अट जीवघेणी आहे. छोट्या संस्थेला थेट परदेशातून कोणी पैसे पाठवत नाही. मोठी संस्था घ्यायची आणि पाच-पंचवीस छोट्यांना वाटायची, अशीच नळी होती. ती कापली गेली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली.

आणि ही फक्त ख्रिस्ती संस्थांची गोष्ट आहे असे समजू नका. उर्ग्येन संघरक्षितांनी सुरू केलेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघाच्या बहुजन हितायने महाराष्ट्रात जी वसतिगृहे आणि बालवाड्या उभ्या केल्या, त्यांच्यामागे ब्रिटनमधल्या करुणा ट्रस्टचा पैसा होता. तिथले बौद्ध कार्यकर्ते घरोघरी दार ठोठावून तो गोळा करीत. आज अधिकारी, प्राध्यापक म्हणून मिरवणारे आपल्यातले कितीतरी जण त्या वसतिगृहांतून शिकले. ‘परदेशी पैसा म्हणजे देशद्रोह’ हे वाक्य पुढच्या वेळी ग्रुपवर टाकताना हे आठवावे.

आपल्या विहारात काय आहे?

बोलायला कडू आहे, पण बोलतो. बाबासाहेबांनी १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले, तेव्हा बहिष्कृत हितकारिणी सभा जेमतेम एक वर्षाची होती. पैसा नव्हता, इमारत नव्हती. आज जवळजवळ प्रत्येक बौद्ध वस्तीत विहार आहे. वर्षावासात ग्रंथवाचन होते, १४ एप्रिलला रोषणाई होते, डीजेवर किती खर्च होतो ते आम्ही इथे लिहीत नाही. पण वस्तीत कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणत्या बाईच्या दारात फायनान्स कंपनीचा वसुलीवाला रोज उभा राहतो, नवऱ्याच्या डायलिसिसपायी कोणाची मुलगी अकरावीतून घरी बसली, याची वही किती विहारांत आहे? चर्चचा पास्टर ती माहिती ठेवतो. रविवारी कोण आले नाही ते बघतो आणि सोमवारी त्याच्या घरी जातो. आपल्या वस्तीतली एखादी बाई चर्चला जाऊ लागली की आपल्याला राग येतो. ती आजारी होती तेव्हा तिच्या घरी कोण गेले होते, हे आधी विचारावे. अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाबरोबर स्वतःच्या हातांनी धुतले, ही विनयपिटकातली गोष्ट आपण प्रवचनात सांगतो. विसाव्या हिश्शाचे बाबासाहेबांचे आवाहनही सांगतो. विहार समितीच्या जमाखर्चात ‘आजारी व अडचणीतील कुटुंबे’ असा एक रकाना घालायला ठराव आणि एक पेन, एवढेच लागते. काही विहारांनी हे केले आहे, तिथला फरक दिसतो.

शेवटी सवलतींचा मुद्दा, कारण आपल्या तरुणांच्या मनातला खरा काटा तिथे आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती आधीच दिल्या होत्या, पण केंद्राच्या नोकरीसाठी आपल्या दोन पिढ्यांनी ३४ वर्षे वाट पाहिली. कारण काय सांगितले जात होते? बौद्ध धम्मात जात नाही, मग जातीची सवलत कशाला. आज दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिमांना शब्दशः हेच ऐकवले जाते. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नावर नेमला गेला. ‘ते आले तर आपला वाटा कमी होईल’ ही भीती खोटी नाही, जागा खरोखरच मोजक्या आहेत. पण मग मागणी लोकसंख्येच्या प्रमाणात टक्का वाढवण्याची हवी, दार बंद ठेवण्याची नव्हे.

नोकरीचे एक वेळ बाजूला ठेवा. अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही याच दर्जाला बांधलेले आहे. एप्रिल २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका दलित पास्टरची जातिवाचक शिवीगाळ आणि मारहाणीची फिर्याद, तो ख्रिस्ती झाला म्हणून त्या कायद्याखाली टिकत नाही, असे ठरवले. आपल्याकडेही एकाच घरात एक भाऊ बौद्ध आणि दुसरा ख्रिस्ती अशी कुटुंबे आहेत. गावात दोघांना एकाच दिवशी, एकाच नावाने शिवी पडते. ठाण्यात गेल्यावर पहिल्याचे जातप्रमाणपत्र चालते, दुसऱ्याचे नाही. दुसऱ्याची फिर्याद मग साध्या मारहाणीच्या कलमांखाली नोंदवून आणावी लागते, आणि आमचे कार्यकर्ते सध्या तेच करतात.